तिसरा पुकारा

हसनभाई पहिल्या हाकेला आले, असं इथे सौदीत, दम्माममध्ये कोणी पाहिलेलं नाही. दुसऱ्या हाकेला मान वर होते. तिसरी ऐकली की ताडकन उठून म्हणतात, "हाजीर!"

ते आमच्या गोदामाचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचे. त्यांचे अब्बा तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचे. पुकारा तीनदा, हा कोर्टाचा रिवाज हसनभाईंनी इकाम्यासारखा, इथल्या राहण्याच्या परवान्यासारखा, कायम जवळ बाळगला. एकदा तापानं फणफणले असताना दवाखान्यात नर्सनं दोनदा नाव घेतलं आणि पुढच्या पेशंटला आत नेलं. हे बाकावर ढिम्म. मी चिडलो, तर मलाच कायदा शिकवला, "तिसरा पुकारा झालाच नाय. मी गैरहजर कसा?"

त्या कोर्टाचं वेड तर विचारूच नका. दम्मामचा कुठलाही टॉवर दाखवा, नाक मुरडणार. कोर्ट इंग्रजांच्या वेळचं. जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, चुन्यात गूळ कालवलेला, सागाच्या तुळया, वर कौलं. अब्बांचा व्हरांड्यातला पुकारा म्हणे रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत ऐकू जायचा. हे इतक्यांदा ऐकलंय, की मी झोपेतही कोर्टाच्या पायऱ्या सांगेन. पाच आहेत.

गेल्या शुक्रवारी सकाळीच ते धापा टाकत माझ्या दारात. कोर्ट नव्या इमारतीत गेलं होतं, जुनं सोमवारी पाडणार होते. त्यांची बहीण सकीना फोन घेऊन तिथे पोचली होती, आणि यांच्या फोनचा स्पीकर नेमका बिघडलेला. "साहेब, लॅपटॉप काढा. यल्ला, यल्ला!"

पडद्यावर कोर्ट आलं आणि मीच ओरडलो. त्याच पाच पायऱ्या, तिसरी मधोमध झिजलेली! हसनभाई तर नाचायचेच बाकी होते. सकीनाला तुळया दाखवायला लावल्या, भिंतीवर हात ठेवायला लावला.

मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "अब्बांनी सगळ्या तालुक्याची नावं पुकारली. त्यांचं तिथं कोणी घेतलंच नाय."

आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "कासम इब्राहिम, हाजीर हो!" व्हरांडा घुमला. दुसरा पुकारा केला. तोही घुमला. सकीना रडत होती.

अब्बा गेले तेव्हा हसनभाई इथेच होते. सुट्टीचा कागद हाती आला तो दफन झाल्यावर. मला ते आठवलं आणि मी तिसऱ्या पुकाऱ्याची वाट बघू लागलो. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"तिसरा राहिला," मी म्हणालो.

"राहू दे, साहेब. तिसरा झाला नाय, तोवर अब्बा गैरहजर नाय."