सईची सुपारी आणि माझा जबडा

माझे सगळे दात माझे स्वतःचे आहेत. साताऱ्यात माझ्या वयाची अशी दुसरी बाई दाखवा!

आमच्या घरी लग्न ठरलं की थोरल्या बाईने दाढेखाली अख्खी सुपारी फोडायची रीत आहे. माझ्या वेळी सासूबाईंनी फोडली, तेव्हा गोठ्यातली म्हैस दचकून उठली होती. आता नातीची, सईची सुपारी मी फोडणार होते.

डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या होत्या, "आजी, कानापुढचा सांधा बिघडलाय. आतली चकती सरकते, म्हणून कटकट वाजतं. कडक खाऊ नका, तोंड फार उघडू नका, गरम शेक घ्या."

"हे म्हाताऱ्यांना सांगा," मी म्हटलं.

कडेगावची मंडळी आली. निमिषला सईनेच पसंत केलं होतं आणि तिच्या बापाला, माझ्या पुष्करला, मिनतवारीने राजी केलं होतं. आज बिनसलं तर तो पुन्हा ऐकणारा नव्हता.

मी सुपारी उचलली, आ वासला, आणि जबडा पावसात फुगलेल्या दारासारखा उघडाच राहिला. नेमकी तेव्हाच निमिषने टोपी काढली.

त्याची आजी, बयाबाई, माझ्याकडे बघून ओशाळल्या. "आवं विहीणबाई, केस इरळ हायती, पण डोकं लय चालतं."

माझा आ तसाच. निमिषचे वडील, लालासाहेब, गडबडले. "बरं, सांगतो. नोकरी सांगितली तशी पुण्यात न्हाई. गावाकडंच साखर कारखान्यावर हाय."

तरी तोंड मिटेना.

"आन् घोरतो बी," बयाबाईंनी कबूल केलं.

पुष्करच्या भुवया कपाळभर चढल्या. "आई, हे तुला माहीत होतं?"

"आँ," मी म्हटलं.

"म्हणजे होतं!"

सईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कानापुढे बोट दाखवलं, तशी ती ओरडली, "बाबा, आजीचा जबडा अडकलाय! गाडी काढा."

"वढू नगा कुणी," बयाबाई म्हणाल्या. त्यांनी गरम पाण्यात पिळलेला पंचा माझ्या गालांना लावला. "खांदं ढिलं सोडा. माजाबी असाच अडकतोय."

कट्ट! जबडा जागेवर आला.

"सुपारी फुटली गं!" स्वयंपाकघरातून शेजारची शकुंतला ओरडली आणि कंदी पेढ्यांचं ताट घेऊन धावत आली. पुष्करने काही बोलायला तोंड उघडलं, तोच त्यात पेढा गेला.

लग्न तोंडावर आलंय. सुपारी माझ्या बटव्यात आहे, अख्खी. डॉक्टरांनी मला पंगतीत फक्त मऊ भात सांगितलाय. आणि बयाबाईंचा काल फोन आला होता, "लग्नात आमच्याकडं बघून आ वासू नगा, विहीणबाई. आता सांगाया काय बी उरलं न्हाई."