सतरावा नियम आणि तापीवरचा पूल

ज्या ठिकाणी नियम नसतात त्या ठिकाणी नियमभंगही होत नाही, हे तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. हेमकांतभाई पाटलांना ते ठाऊक होतं. म्हणूनच प्रकाशापासून जवळच असलेल्या त्यांच्या गावातलं 'तापीतट सद्भाव सत्संग मंडळ' सव्वीस वर्षं अत्यंत निष्कलंक चाललं होतं. मंडळात एकही नियम नव्हता. फक्त प्रेमचंद महाराज होते.

महाराज तसे गोड माणूस. गोल चेहरा, मऊ आवाज, आमरसाची आवड आणि रक्तदाब. गावातली लग्नं, पेरण्या, पोरांची शिक्षणं, म्हशींची खरेदी हे सगळं त्यांच्या शब्दाने व्हायचं. शब्द मोडला तर काय होतं, हे कोणाला माहीत नव्हतं. कारण कोणी मोडलाच नव्हता. (हाच त्या शब्दाच्या सामर्थ्याचा पुरावा मानला जाई.)

अशा सुरळीत कारभारात नंदुरबारहून परिपत्रक आलं. दूरच्या कुठल्यातरी जिल्ह्यात एका बाबांचे प्रताप वर्तमानपत्रात छापून आले होते, त्यामुळे जिल्ह्यातल्या सत्संग मंडळांची समन्वय समिती सावध झाली होती. प्रत्येक मंडळाने पंधरा दिवसांत 'भक्तांचे शोषण रोखण्यासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे' तयार करून दर्शनी भागात लावावीत आणि फलकाचा फोटो पाठवावा, असा आदेश होता. शोषण रोखावं की नाही याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नव्हतं. फोटो मात्र आडवा हवा होता.

हेमकांतभाई मंडळाचे सचिव. निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांच्या हातून लग्नपत्रिकेपलीकडे काही लिहून झालं नव्हतं. परिपत्रक वाचून त्यांचा चेहरा असा उजळला की बायकोने, प्रतिभाबेनने, पेन्शन वाढली का म्हणून विचारलं.

नऊ दिवस त्यांनी मसुदा केला. एकूण एक्केचाळीस तत्त्वं झाली. वानगीदाखल काही अशी:

तत्त्व पहिले: शोषण म्हणजे जे इतर मंडळांत घडते व वर्तमानपत्रात छापून येते ते.

तत्त्व चौथे: तक्रार तीन प्रतींत द्यावी. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. त्यांपैकी एक साक्षीदार शक्यतो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच असावा.

तत्त्व नववे: तक्रारदाराचे नाव पूर्णपणे गुप्त ठेवण्यात येईल व गुरुवारच्या सत्संगात वाचून दाखवण्यात येईल.

तत्त्व बारावे: सेवा ही ऐच्छिक आहे. सेवेस न येणाऱ्याच्या घरी शक्यतो पाच जणांनी जाऊन त्याची इच्छा तपासावी.

चौकशी समिती तीन जणांची. अध्यक्ष महाराज. सदस्य महाराजांचे पुतणे भूपेंद्रभाई. आणि महिला प्रतिनिधी म्हणून पार्वतीबाई, ज्या गेली अकरा वर्षं दर गुरुवारी मौनव्रत पाळत. समितीची बैठक दर गुरुवारी ठरली.

सगळं बिनचूक जमलं होतं. पण परिपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक अट होती: 'किमान एक तत्त्व "शक्यतो" या शब्दाशिवाय व कोणतीही पळवाट न ठेवता लिहावे.' मसुद्यात 'शक्यतो' त्रेसष्ट वेळा आला होता. सतरावा क्रमांक रिकामा होता. हेमकांतभाईंनी चहा येईपर्यंतच्या वेळात तो भरून टाकला:

तत्त्व सतरावे: कोणत्याही भक्तास शाप, संकट वा अनिष्टाची भीती घालून त्याचे शिक्षण, नोकरी, विवाह किंवा प्रवास अडवू नये. तसे कोणी केल्यास त्याने आपला शब्द सर्वांसमोर, ध्वनिक्षेपकावरून, मागे घ्यावा.

वाचून पाहिलं आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. एकतीस वर्षांत इतकं नेमकं वाक्य त्यांच्या हातून निघालं नव्हतं. ते लागू कोणाला होईल हा विचार मनात आला नाही. तो त्यांच्या खात्याचा विषय कधीच नव्हता.

फलक झाला, महाराजांच्या आसनामागे लागला, आडवा फोटो गेला. मंडळाच्या दोनशे बारा भक्तांपैकी दोनशे नऊ जणांनी 'वाचले, समजले, मान्य' म्हणून रजिस्टरात सह्या केल्या. सही करायला सरासरी चार सेकंद लागले. उरलेले तिघं त्या दिवशी सुरतेला गेले होते, म्हणून त्यांनी नंतर दोन सेकंदांत केली.

फलक खरोखर वाचला तो एकाच माणसाने, आणि तोही वैद्यकीय कारणाने.

हेमकांतभाईंची मुलगी भाविका नर्सिंग शिकून आली होती. दोन वर्षं ती दिवसातून तीनदा महाराजांचा रक्तदाब तपासायची. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा आणि मग हवा सोडताना महाराजांनी बोलू नये म्हणून त्यांच्याकडे न बघता समोर बघायचं, अशी तिची पद्धत. समोर फलक होता. दिवसाला तीन खेपा, खेपेला एक तत्त्व, अशा हिशेबाने सहाव्या दिवशी ती सतराव्यावर पोचली.

त्याच आठवड्यात तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं. पेढे घेऊन ती महाराजांकडे गेली. महाराजांनी पेढा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बेटी, तापीना पूल ओलांडू नको. ओलांडा तं तुन्हा बापवर संकट येई."

चिंचपाड्याला जायला प्रकाशाचा पूल ओलांडावाच लागतो. दुसरा रस्ता पोहण्याचा.

तिने घरी येऊन हे सांगितल्यावर हेमकांतभाईंना पेढा गिळवेना. पोरीची नोकरी जाते याचं दुःख होतंच, पण आपल्यावर संकट येणार म्हटल्यावर त्यांनी नकळत स्वतःची नाडीही बघितली होती. ते म्हणाले, वर्षभर थांबू, महाराज पुन्हा डोळे मिटतील तेव्हा बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर पेपर वाचत बसले असताना भाविकाने तीन कागद पुढे ठेवले.

"पप्पा, सतरावा नियम तुम्हीच लिखा ना?"

"हाव. कसा शे?"

"चांगला शे. ही तक्रार. तीन प्रती. माले पोच द्या."

हेमकांतभाईंनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मजकूर चार ओळींचा होता आणि त्यात एकही चूक नव्हती. शुद्धलेखनाचीही नव्हती, त्यामुळे ते अधिकच घाबरले.

"तू कोनाविरुद्ध लिखी ऱ्हायनी, माहीत शे का तुले?"

"नाव रकान्यामा लिखेल शे. रकाना तुम्हीच करेल शे."

"साक्षीदार दोन लागतंस."

"एक आई शे. दुसरा तुम्ही. संकट तुमनावरच येनार शे, तुमनापेक्षा चांगला साक्षीदार कोठे भेटी?"

प्रतिभाबेन दारात उभी होती. तिची सही आधीच झाली होती. ती शांतपणे म्हणाली, "माले त्या पूलनं भ्याव नही वाटस. पोरगी घरमाच बठी ऱ्हायनी, तेनं भ्याव वाटस."

तक्रार फेटाळण्याचे हेमकांतभाईंना चौदा मार्ग माहीत होते आणि ते सगळे त्यांनी सरकारी सेवेत वापरले होते. पण पोच नाकारण्याचा एकही माहीत नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी लोकांना हेलपाटे घालायला लावले, फायली दुसऱ्या टेबलावर ढकलल्या, साहेब दौऱ्यावर आहेत असं साहेबांच्या समोर सांगितलं. पण आलेल्या कागदाची पोच कोणाला दिली नाही असं एकदाही झालं नव्हतं. आयुष्यात जपलेली एवढी एकच गोष्ट होती. ती आता स्वतःच्या पोरीपुढे मोडायची, हे त्यांच्या हाताला पटेना. त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. मग सचिव म्हणून शिक्का मारला आणि तारीख टाकली. शिक्का मारताना वर कौलांकडे बघितलं. काही पडलं नाही.

गुरुवारी चौकशी समितीची पहिली बैठक भरली. नवव्या तत्त्वानुसार तक्रारदाराचं गुप्त नाव आधी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवण्यात आलं, त्यामुळे सगळं गाव हजर होतं.

महाराजांनी हेमकांतभाईंना जवळ बोलावून हळूच विचारलं, "येमा 'शक्यतो' कोठे शे?"

"सतराव्यामा नही, महाराज."

"बाकीना बठामा शे ना?"

"बठामा शे. सतराव्यामा नही. परिपत्रकनी अट व्हती."

भूपेंद्रभाई म्हणाले की महाराजांनी भीती घातली नाही, नुसतं भविष्य सांगितलं, आणि भविष्याला नियम लागू नाहीत. हा मुद्दा उत्तम होता. सभेत अनेक माना हलल्या. महाराजांनीही मान हलवली आणि मग एकदम कपाळ धरलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

तक्रारदार उठली, पिशवीतून यंत्र काढलं आणि आरोपीच्या दंडाला पट्टा बांधला. (तत्त्वांमध्ये याबद्दल तरतूद नव्हती.)

"कितलं शे?" महाराजांनी घाबरून विचारलं.

भाविकाने पट्टा सोडला. "सांगू की नको?"

"सांग ना माय. काय व्हई माले?"

"एकशेसत्तर शे. गोई घ्या, घडीभर पडा, काही व्हवाव नही. तुमले कोनी सांगं व्हतं की आते संकट येई, तं हाई दोनशे व्हतं. मन्हा पप्पानं आठ दिनपाशीन तसंच व्हई ऱ्हायनं. रोज मोजस मी."

महाराजांनी मुकाट्याने गोळी घेतली. ते पहिल्यांदाच हेमकांतभाईंकडे नीट बघत होते, एक रक्तदाबवाला दुसऱ्याकडे बघतो तसे.

सभेतली शांतता भूपेंद्रभाईंना अनुकूल वाटली. त्यांनी मतं मोजायला घेतली: अध्यक्षांचं मत तक्रारीविरुद्ध, आपलंही विरुद्ध, आणि पार्वतीबाईंचं गुरुवार असल्यामुळे मौन, म्हणजे संमतीच.

"माले बोलनं शे," पार्वतीबाई म्हणाल्या.

अकरा वर्षांनी गुरुवारी तो आवाज ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले.

"पार्वतीबेन, तुमनं व्रत," महाराज म्हणाले.

"व्रत कोनी सांगं? मी तं कव्हयच सांगं नही. मन्ही पोरगी आशानं जमेल लगन तुमना एक शब्दवर मोडनं. तव्हयपाशीन माले तुमनासंगे बोलनंच नव्हतं. गुरुवारले सत्संगमा तुम्ही समोर ऱ्हातंस, म्हनीसन मी गुरुवारले बोलत नव्हती. तुम्ही त्याले व्रत म्हनं, हार घाला, समितीवर लिधं. मी म्हनं, घाला."

त्या खाली बसल्या. मग पुन्हा उठून म्हणाल्या, "सतरावा नियम चांगला शे. अकरा वरीस उशीर व्हयना."

(आशा आता सुरतेत आहे. तिथे तिचं लग्न झालं आणि दोन दुकानं आहेत. पण ते महाराजांच्या शब्दामुळे झालं असं भूपेंद्रभाईंनी म्हणू पाहिलं, तेव्हा पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे जे बघितलं ते इतिवृत्तात लिहिता येण्यासारखं नव्हतं.)

महाराजांनी माईक मागवला. तो दोनदा शिट्टी वाजवून सुरू झाला आणि गावाने, तसंच पलीकडच्या केळीच्या मळ्यांनी ऐकलं: "भाविकाबेनले पूल ओलांडाले काही हरकत नही. मी जे सांगं ते मांगे लेस." थोडं थांबून ते म्हणाले, "आशानं भी." आणि माईक बंद करायला विसरून हळूच, "मन्हं बीपी आते कोन तपासी?"

सोमवारी भाविका एसटीने पूल ओलांडून गेली. हेमकांतभाई प्रकाशापर्यंत सोडायला गेले होते. बस पलीकडे पोचेपर्यंत ते छातीवर हात ठेवून उभे राहिले. काही झालं नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची नोंद त्यांनी संकट म्हणून केली नाही.

पुढच्या सभेत भूपेंद्रभाईंनी सतराव्या तत्त्वात एक छोटासा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. शब्द कोणता हे सांगायला नको. त्या दिवशी पार्वतीबाई मंडळाच्या स्वयंपाकघरातल्या अकराही बायकांना घेऊन सभेत येऊन बसल्या, कारण चर्चा ऐकण्याचा त्यांनाही अधिकार होता. चर्चा गंभीरपणे चालू राहिली. वीस मिनिटांनी पुरुषांच्या लक्षात आलं की सगळ्या बायका इथे आहेत, तेव्हा भाकरी कोणी थापत नाहीये. दुरुस्ती एकमताने मागे घेण्यात आली.

माघात जिल्ह्याचं संमेलन झालं. समन्वय समितीने अहवाल वाचला. अठ्ठावन्न मंडळांपैकी सत्तावन्नांकडे तक्रारी निरंक. त्यांना 'शून्य तक्रार आदर्श मंडळ' असं मानचिन्ह मिळालं. अठ्ठावन्नावं हेमकांतभाईंचं, तिथे एक तक्रार दाखल, एक निकाली. अध्यक्षांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्या मंडळाला मिरवणुकीत सर्वांत शेवटी चालायला सांगितलं.

हेमकांतभाई शेवटी चालले. प्रतिभाबेन सोबत होती. थोड्या वेळाने आदर्श मंडळातली एक बाई चप्पल तुटल्याचं निमित्त करून मागे राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तो अर्जना नमुना शे का तुमनापान?" मग दुसरी आली. मग एक म्हातारे गृहस्थ, इकडेतिकडे बघत. हेमकांतभाईंनी सवयीने चाळीस झेरॉक्स आणल्या होत्या. दुपारच्या महाप्रसादाच्या आत त्या संपल्या.

समितीला याची कल्पना नाही. उलट पुरस्काराचं यश पाहून यंदापासून तो केवळ सत्संग मंडळांपुरता न ठेवता शाळा, सहकारी संस्था, वाचक मंडळं आणि खाजगी कुटुंबं यांच्यासाठीही खुला करण्यात आला आहे. अर्जात प्रश्न एकच आहे: 'आपल्याविरुद्ध आजवर कोणी तक्रार केली आहे काय?' ही कथा वाचणाऱ्यांनीही अर्ज करायला हरकत नाही. बहुतेकांना मानचिन्ह मिळेल असा समितीचा अंदाज आहे. उत्तर कुटुंबप्रमुखाने एकट्यानेच लिहायचं आहे. घरात कोणाला विचारून बघण्याची अट नाही.