खटका इकडे की तिकडे

सासरेबुवांची उभी हयात कोळशाच्या वीजकेंद्रात गेली होती, आणि जावयाने बँकेतली नोकरी सोडून सौर पॅनेलं बसवायचा धंदा काढला होता. त्यामुळे सरकारच्या वीजधोरणावर संसदेत झाला नसेल एवढा वाद या घरात चहाबरोबर व्हायचा.

"जावईबापू, सूर्याला सुट्टी असते. कोळशाला नसते!"

"बाबा, कोळसा एक दिवस संपणार. सूर्य कुठे जातोय?"

"कुठे म्हणजे? रोज संध्याकाळी जातो की!"

शेवटी पैज लागली. जावयाने आपली पहिली पॅनेलं सासऱ्यांच्याच गच्चीवर बसवली. रविवारी रात्रीच्या जेवणापर्यंत घर फक्त उन्हाच्या, दिवसभरात बॅटरीत साठलेल्या विजेवर चालवायचं. मधेच अंधार झाला तर पॅनेलं खाली.

नेमकं रविवारी आभाळ भरून आलं. सासरेबुवांना चेवच चढला. त्यांनी गीझर लावला, इस्त्री लावली, पायपुसणीसुद्धा इस्त्री केली. दिवे ढिम्म हलेनात.

दिवेलागणीला ते पाणी प्यायला निघाले, तर स्वयंपाकघरातून लेकीचा रडवेला आवाज आला. "आई, पहिलंच काम घरच्या घरी फसलं, तर तो पुन्हा उभा राहायचा नाही गं."

सासरेबुवांची तहानच गेली. चुलीत गेली ती पैज! लेकीच्या संसारापुढे कोळसा कोण लागून गेला?

ते पाय न वाजवता जिन्याखाली गेले. तिथे जावयाने खटका बसवला होता. एका बाजूला सरकारी वीज, दुसऱ्या बाजूला सौर. तत्त्व म्हणून सासरेबुवांनी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आत्ता तो सौरवरच असणार, असं धरून त्यांनी तो सरकारी विजेकडे म्हणून फिरवला. घर काळंकुट्ट झालं.

बायको चाचपडत आली आणि कुजबुजली, "अहो, काय केलंत हे! तुम्ही गीझर लावलात तेव्हाच मी तो सरकारी विजेवर टाकला होता."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून जावयाचा पडलेला आवाज आला. "हरलो, बाबा. उद्या उतरवतो पॅनेलं."

सासरेबुवा भिंत धरत तिथवर गेले आणि खाकरले. "काही उतरवायचं नाही! लबाडी माझी आहे. दुपारीच मी खटका सरकारी विजेवर टाकला होता. आता तीच गेली. कोळशाने दगा दिला, मी हरलो!"

जावई खिडकीशी उभा होता. बाहेर रस्त्यावरचे सगळे दिवे लख्ख जळत होते. त्याने हळूच पडदा ओढून घेतला.

"खरंय, बाबा," तो म्हणाला. "कोळशाचा काही भरवसा नाही."

सासरेबुवांनी जन्मात पहिल्यांदाच हे वाक्य निमूट ऐकून घेतलं.