दस्तीखालचे आकडे

शाळाप्रवेशाच्या पालकसभेहून उज्वला घरी आली ती तोंड पाडूनच. पर्स खुर्चीवर टाकली, पाणीही न पिता सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, शरण्याचा नव्वद टक्के मेंदू होऊन गेलाय."

मन्मथअप्पांनी दचकून नातीकडे पाहिलं. चार वर्षांची शरण्या खिडकीत बसून चिंचोका नाकात कितपत जातो ते बघत होती.

"होऊन गेलाय म्हंजे? कुठं गेलाय?"

"तयार झालाय हो. पाच वर्षांपर्यंत मुलांचा मेंदू नव्वद टक्के तयार होतो. डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. आता जे काय भरायचं ते वर्षभरात. नंतर झाकण लागतं."

"लोणच्याच्या बरणीसारखं?" स्वयंपाकघरातून गौरम्मांनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, विचारलं.

डॉक्टरबाई झाकणाचं काहीच बोलल्या नव्हत्या. मुलांशी बोला, खेळा, हातात हात घ्या, त्यातूनच मेंदू वाढतो, एवढंच त्या सांगत होत्या. पण सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्यांना भीती तेवढी नीट ऐकू येते.

"पंधरा दिवसांनी शाळेत मुलाखत आहे," उज्वला म्हणाली. "दहापर्यंत अंक आलेच पाहिजेत. नाही आले, तर दिवसभराच्या मेंदूविकास वर्गाला घालायचं. सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. मी ठरवलंय."

उज्वला पतसंस्थेत जायची, मुलगा शिवशंकर ठिबक सिंचनाच्या दुकानात. दिवसभर शरण्या अप्पांचीच. जन्मभर हाळीच्या बैलबाजारात दलाली केलेला हा माणूस गाव सोडून लातुरात मुलाकडे आला, तेव्हापासून त्याला काही विचारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस आत्ता नाकातला चिंचोका काढायला त्याच्याकडेच येत होतं.

"मी शिकवतो की," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "अंकच ना? मी हाय की घरी."

दुसऱ्या दिवशी उज्वलानं चित्रांच्या कार्डांचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. अप्पांनी मन लावून सुरुवात केली. तीन आंब्यांचं कार्ड दाखवलं. शरण्यानं ते चाटून बघितलं. पाच हत्तींचं कार्ड दाखवलं. तिनं ते पाणी पाजायला न्हाणीत नेलं. कार्डांतले ससे, बदकं, फुगे एकेक करून पलंगाखाली गेले आणि तिथंच राहिले. अप्पा रागावले नाहीत. खोंडाला औताला शिकवताना घाई केली की ते जन्मभर बिचकतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दिवस सरत होते आणि आकडा काही एकच्या पुढं जात नव्हता.

शेवटी एका दुपारी त्यांनी खांद्यावरचा मोठा रुमाल, म्हणजे दस्ती, काढली.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांत आकडा फुटला की सौदा मोडला. गिऱ्हाईक आणि दलाल दस्तीखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. चार बोटं धरली की चार, अख्खा पंजा धरला की पाच. वरून बघणाऱ्याला दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून ढगांकडे बघत उभी आहेत, एवढंच दिसतं.

अप्पांनी शरण्याचा चिमुकला हात दस्तीखाली घेतला आणि दोन बोटं दाबली. "किती?"

शरण्या खुदकन हसली. तिनं अप्पांची दोन बोटं दाबली. मग न सांगता तीन दाबली आणि अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली. अप्पांच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर दुपारभर घरात बाजार भरू लागला. गौरम्मा मठात पोथीला गेल्या की दस्ती अंथरली जायची. शेंगा, चिंचोके, बांगड्या, सगळ्यांचे सौदे झाले. आठवड्यात शरण्या दहापर्यंत पोचली. आठ म्हटलं की सहावर घासाघीस करायला लागली. आणि आकड्यांबरोबर बाजाराची रीतही आपोआप आलीच.

"आकडा तोंडातून काढायचा न्हाई," अप्पा सांगायचे. "लोकं असली तर मुळीच न्हाई. जनावराचं दात बघितल्याबिगर बोलायचं न्हाई. आन् पटलं न्हाई तर उठून चालाया लागायचं. ज्याला गरज हाय तो हाक मारतोय."

"हाव," शरण्या गंभीरपणे होकार द्यायची.

मुलाखतीच्या सकाळी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले आणि सवयीनं दस्ती खांद्यावर टाकली. उज्वलानं ती काढून घेतली. "आज नको, अप्पा. आजोबा सुशिक्षित दिसले पाहिजेत."

तिथंच अप्पांना पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते मात्र शाळेत जाईपर्यंत उमगलं नाही.

शाळेच्या खोलीत मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, टेबलामागं बसल्या होत्या आणि छोट्यांच्या वर्गाच्या सालेहा मॅडम शरण्यासमोर गालिच्यावर. त्यांनी चार लाल चेंडू मांडले.

"बेटा, सांग बरं, किती चेंडू आहेत?"

शरण्यानं चेंडूंकडे पाहिलं. मग आईकडे, बापाकडे, मोठ्या मॅडमकडे आणि दारातल्या शिपायाकडे पाहिलं. एवढी माणसं! तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

सकाळी काय चुकल्यासारखं वाटलं ते अप्पांना आता उमगलं.

"घाबरू नको. किती?"

शरण्यानं अप्पांच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा रिकामा. क्षणभर ती विचारात पडली. मग पुढं सरकली, सालेहा मॅडमच्या ओढणीचं टोक ओढून त्यांच्या हातावर पसरलं आणि त्याखाली आपला हात घातला.

"अगं बाई, घाबरलीय बिचारी," सालेहा मॅडम म्हणाल्या. "हात धरून बसायचंय तुला?"

शरण्या चार बोटं दाबत होती. मॅडम नुसत्याच हसत होत्या. तिनं आणखी जोरात दाबली. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाही येत का? राहू दे."

नाही म्हटलं, म्हणजे सौदा पटला नाही. शरण्या उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, "जमत न्हाई. चला अप्पा."

आणि ती दाराकडे चालू लागली. आता अप्पांनी बसून राहायला हवं होतं. पण सगळा जन्म ज्या खुणेवर उठण्यात गेला, ती खूण दिसताच पाय ऐकेनात. अप्पाही उठून चालू लागले.

"अप्पा, बसा!" उज्वला ओरडली.

"अगं थांब, थांब बेटा!" सालेहा मॅडमनी हाक मारली.

शरण्या थबकली. वळून तिनं अप्पांकडे असं पाहिलं, की बघा, मारली का नाही हाक? मग ती सावकाश परत येऊन बसली. मॅडमनी यावेळी लाकडी घोडा पुढं केला. "हे काय आहे?"

शरण्यानं घोडा उचलला आणि नखानं त्याचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. तिनं तो खाली ठेवला.

"दातच न्हाईत. म्हातारं हाय. कोन घेतंय ह्याला?"

शिवशंकरनं मोबाइल काढला आणि बंद पडद्याकडे टक लावून बघत राहिला.

मोठ्या मॅडमनी चष्मा खाली घेतला. "मुलीला अंकओळख नाही. प्रश्नाला उत्तर नाही. घरात हिच्याशी कुणी बोलतच नाही का?"

उज्वलाचे डोळे भरले. ते अप्पांना बघवेना. "मॅडम," ते म्हणाले, "तिला सगळं येतंय. दहापर्यंत येतंय. पर ती तोंडानं सांगत न्हाई. बाजारात तसा रिवाज हाय."

"कसला बाजार?"

"बैलाचा."

मग अप्पांनी दस्तीची सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्यांना वाटलं, ऐकणाऱ्याला हे शहाणपणाचं वाटेल. वाक्यागणिक ते वाटणं कमी होत गेलं.

"ठीक आहे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यांनी चार पेन्सिली मांडल्या. "सालेहा, घ्या ओढणीखाली हात. बघू या."

शरण्यानं पेन्सिली न्याहाळल्या आणि ओढणीखाली हात घातला. अप्पांनी मनातल्या मनात मन्मथस्वामींचं नाव घेतलं.

"पंजा धरला," सालेहा मॅडम सांगू लागल्या. "आता आणखी एक बोट. सहा झाले ना?"

"चार असताना सहा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "चुकलं."

"चुकलं न्हाई, मॅडम!" अप्पा कळवळून म्हणाले. "मघाशी सरळ चार सांगितले तर पटलं न्हाई, म्हनून आता वाढवून सांगतीय. चारचा माल असला तर सहा सांगायचे असतेत. तुम्ही कमी करा, ती चारवर येतीय."

"म्हणजे मुलगी खोटं बोलते?"

अंक येत नाहीत, बोलता येत नाही, इथवर होतं ते. आता पोरगी खोटारडीही ठरली, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं पटवून दिलं होतं.

सालेहा मॅडम हळूच म्हणाल्या, "मॅडम, घेऊ या हिला. माझ्या वर्गात होईल नीट."

"एका अटीवर," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "घरचं शिकवणं बंद. अंकांचं तर आजोबांनी नावही काढायचं नाही."

"मंजूर!" उज्वलानं श्वासही घेतला नाही.

उभ्या जन्मात अप्पांनी एवढा वाईट सौदा पाहिला नव्हता. तोही उघड्यावर, मोठ्या आवाजात झाला आणि त्यांना त्यात एक बोटही घालता आलं नाही.

घरी गौरम्मांनी सगळं ऐकून घेतलं. "जल्मभर लोकाचे बैल इकले," त्या म्हणाल्या, "आता घरची नात इकून आलाव व्हय?"

जूनमध्ये शाळा सुरू झाली. अर्ध्या दिवसाचीच, पण उरलेला अर्धा दिवस अप्पांना जास्त जड गेला. जेवण झालं की शरण्या येऊन त्यांच्या मांडीला टेकायची आणि दस्तीखाली हात सरकवायची. अप्पा हात काढून घ्यायचे. "न्हाई माय. बंद हाय आता."

"बाजार बंद?"

"बंद."

ती थोडा वेळ तशीच बसायची. मग उठून टीव्हीसमोर जायची. अप्पा भिंतीकडे बघत बसायचे. मुलीच्या मेंदूचं झाकण लागलं की नाही कोण जाणे. आपलं मात्र लागलं, असं त्यांना वाटायचं. गावाकडे परत जावं, असंही एकदा त्यांनी गौरम्मांना बोलून दाखवलं. त्या नेहमीसारखं काही टोचून बोलल्या नाहीत, तेव्हा तर अप्पा जास्तच खचले.

श्रावणात एका संध्याकाळी सालेहा मॅडमचा फोन आला. उज्वला नुसतीच "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. फोन ठेवून ती अप्पांकडे वळली.

"उद्या तुम्हाला शाळेत बोलावलंय. काय केलंत अप्पा आता?"

"काय बी न्हाई केलं! शपथ हाय. हात बी धरला न्हाई पोरीचा."

रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पोरीचं नाव शाळेतून काढणार आणि तेही आपल्यापायी, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

सकाळी सालेहा मॅडमनी त्यांना वर्गाच्या दाराशी नेलं. "बघा."

आत चिडीचूप शांतता होती. छोट्या छोट्या खुर्च्यांवर मुलं जोडीजोडीनं बसली होती. प्रत्येक जोडीच्या हातांवर डब्याचा रुमाल पसरलेला. सगळ्यांचे चेहरे कोरे, नजरा छताकडे. मधूनच एखादं मूल उठून चालू लागायचं, दुसरं त्याला हाक मारायचं. मग एकाची पोळी दुसऱ्याच्या डब्यात जायची आणि दोन बिस्किटं इकडं यायची.

अप्पांचा ऊर भरून आला. पुढच्याच क्षणी त्यांना आपण कुठं उभे आहोत ते आठवलं आणि ते घाबरले.

"येतं सगळ्यांना," सालेहा मॅडम म्हणाल्या. "एरवी वर्षभरात येत नाही इतकं येतं. पण तोंडानं एकही सांगत नाही! विचारलं की म्हणतात, लोकं आहेत. पुढच्या सोमवारी संस्थेचे लोक वर्ग बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर मी काय रुमाल पसरू?"

"मग?"

"तुमच्या नातीनं लावलंय, तुम्ही सोडवा. मोठ्या मॅडमना विचारलंय मी. रोज सकाळी इथं येऊन बसायचं आणि मुलांना अंक मोठ्यानं बोलायला शिकवायचे. तुमचं ऐकतील ती. शरण्यानं त्यांना सांगून ठेवलंय, बाजार माझ्या अप्पांचा आहे म्हणून."

"रोज?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"रोज."

त्यांना गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसवण्यात आलं. शरण्या धावत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. रुमाल बाजूला झाले. सगळा वर्ग अप्पांसमोर गोळा झाला. सालेहा मॅडमनी चार पेन्सिली उंच धरल्या.

"अप्पा, आधी तुम्हीच सांगा, म्हणजे मुलांची भीड जाईल. अगदी मोठ्यानं हं. किती आहेत?"

अप्पांनी घसा खाकरला. नातीनं श्वास रोखून धरला होता. आपला अप्पा चारचौघांत आकडा बोलणार, हे तिला खरंच वाटत नव्हतं. अप्पांनी दाराकडे पाहिलं. दारात शिपाई उभा होता. खिडकीकडे पाहिलं. तिथून कुणाची तरी आई डोकावत होती.

"सांगा ना अप्पा," मॅडम म्हणाल्या. "किती?"

अप्पा मान लांब करून हळूच त्यांच्याकडे झुकले.

"तुम्ही किती म्हनताव?"