चाळीस मिनिटांची दुरुस्ती

तातडीच्या विभागात पोट दाबून बसलेल्या सासऱ्यांच्या चिठ्ठीवर दहा पन्नास ही वेळ पडली, तेव्हा जावयाच्या मनगटावर दहा वाजून दहा मिनिटेच झाली होती. खिडकीवरचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे होते. जावई घड्याळजी, तीस वर्षे याच दुरुस्तीवर जगलेला. सासऱ्यांच्या कळांइतकेच ते घड्याळही त्याला सहन होईना.

"बाई, घड्याळ पुढं आहे तुमचं."

"वर्षभर आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "आतलं बरोबर आहे. इथली वेळ लिहून आत जायचं, तिथली वेळ लिहून तपासायचं. तासभर कण्हलेला माणूस कागदावर वीस मिनिटांत सुटतो. आत नर्स दोघीच, थोरल्या सिस्टर तिसरी मागून थकल्या. कचेरी म्हणते, वीस मिनिटांत तर होतंय."

असत्य चालू ठेवणे घड्याळजीच्या स्वभावात नव्हते. तो स्टुलावर चढला, घड्याळ उतरवून बरोबर लावले आणि मोठा न्याय केल्याच्या समाधानाने सासऱ्यांशेजारी येऊन बसला.

मग पाय मुरगळलेली एक बाई आली. तिच्या चिठ्ठीवर सव्वादहा पडले. मागोमाग बोट कापलेला आला, ताप आलेली दोन मुले आली, कालपासून उचकी न थांबलेला एक गृहस्थ आला. आत चिठ्ठ्या वेळेच्या क्रमाने लागत.

"जावईबापू," सासरे दात आवळून म्हणाले, "माझ्यामागून आलेल्यांना माझ्याआधी हाका कशा?"

आपण काय केले ते घड्याळजीला उमगले. तो आत धावला.

"सिस्टर, आमचे सासरे आधी आलेत हो."

थोरल्या सिस्टरनी चिठ्ठी पाहिली, भिंतीकडे पाहिले. "आत्ता दहा पस्तीस झालेत. कागदावर काका अजून आलेलेच नाहीत."

"घड्याळ मी मागं केलं म्हणून."

"चांगलं केलंत. पण चिठ्ठी मला बदलता येत नाही, आणि भांडायला माझे हात रिकामे नाहीत."

बाराच्या सुमारास अधीक्षक फेरीवर आले. त्यांनी नोंदवही उघडली आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"काल वीस मिनिटं, आज एक तास? कामं सोडलीत का?"

"साहेब, घड्याळ दुरुस्त झालंय," सिस्टर म्हणाल्या. "रोज एवढंच थांबतात लोक. म्हणून तर तिसरी मागत होते."

घड्याळजीने मान ताठ केली. सत्य आता कागदावर होते.

"ते सगळं लेखी खुलाशात द्या. प्रत्येक रोगी का थांबला, ते वेगवेगळं लिहा. धाकट्या सिस्टर, तुम्ही चला कचेरीत. संध्याकाळपर्यंत पुरं करा."

धाकट्या गेल्या. राहिल्या एकट्या थोरल्या. सासऱ्यांना हाक आली, तेव्हा साडेबारा होऊन गेले होते आणि त्यांचे कण्हणेही थांबले होते, ज्याची घड्याळजीला अधिक भीती वाटली.

"शस्त्रक्रिया लागेल, डॉक्टर येतायत," सलाईनची सुई टोचत सिस्टर म्हणाल्या. "बाटलीचा स्टँड मोडलाय. बाटली तुम्ही धरा. हात स्थिर असेल तुमचा."

सासऱ्यांनी डोळे किलकिले केले. "नुसती धरा, जावईबापू. दुरुस्त काही करू नका."

पलीकडच्या खाटेवर ती पाय मुरगळलेली बाई घेरी येऊन पडली होती. सिस्टरनी तिलाही सलाईन लावली आणि ती बाटली घड्याळजीच्या दुसऱ्या हातात दिली.

एक हात डावीकडे वर, एक उजवीकडे. सासरे खरोखर आले होते ती वेळ, दहा वाजून दहा मिनिटे, दाखवीत घड्याळजी दोन खाटांमध्ये उभा राहिला.