ऑर्व्हल थॅकरचा बिनवजनाचा ट्रायपॉड

मंगळवारी सकाळी साडेनऊला ऑर्व्हल थॅकरचा ट्रायपॉड कड्यावरून खाली गेला. दुर्बीण त्याच्यावरच बसवलेली होती. कोणी ढकललं नाही, कोणाचा पाय लागला नाही. ऑर्व्हलच्या मेहुण्याने, म्हणजे लव्हारने, फक्त नाश्ता केला होता.

ॲरिझोनात रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो आणि माणसाला जन्मात एकदाच मिळतो. बहुतेकांना एकदाही मिळत नाही. ऑर्व्हल मिसरूड फुटल्यापासून अर्ज करत होता. तांब्याच्या खाणीत डंपर चालवता चालवता तो म्हातारा झाला, निवृत्त झाला, दोन्ही गुडघे बदलून आला, आणि मग त्याचं नाव निघालं. गुडघे होते तेव्हा परवाना नव्हता. परवाना आला तेव्हा गुडघे दवाखान्याचे.

या शिकारीत चालणं थोडं आणि बघणं फार. समोरच्या डोंगरावर दुर्बीण लावायची आणि एकेक दगड तपासत दिवस काढायचा. बाकीची मंडळी हे काम बूड टेकून करतात. ऑर्व्हललाही बसता यायचं. प्रश्न उठण्याचा होता. मागे एकदा जमिनीवर बसला तेव्हा त्याला उठवायला दोन माणसं आणि जीपची दोरी लागली होती. म्हणून उभ्याने बघता येईल इतका उंच ट्रायपॉड हवा. आणि तो स्वतःच्याच पाठीवरून डोंगर चढणार, म्हणून हलका हवा.

"हे माझ्यावर सोडा," ऑर्व्हलने जाहीर केलं. "या बाबतीत माझ्याइतका अभ्यास अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नसेल!"

अभ्यास खरोखरच झाला. बायकोचा, नॅडीनचा, पीठ मोजायचा काटा त्याने ताब्यात घेतला आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यावर चढवली. जादा दुर्बीण बाद. दोर बाद. दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने कापली.

"उरलेल्या अर्ध्याने दात कसे घासणार?" नॅडीनने विचारलं.

"वाकून."

सोडतीत नाव निघालं की ओळखीपाळखीचे सगळे मदतीला धावतात, ही तिथली रीत. मदत म्हणजे मुख्यतः सल्ला. लव्हारने तर आपला जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉडच खांद्यावरून आणून दारात आपटला. फरशीचा टवका उडाला.

"हा घेऊन जा. वादळात हलणार नाही."

"वादळातच कशाला, मी उचलला तरी हलणार नाही! हा ट्रायपॉड आहे का विजेचा खांब?"

"खांब कधी पडत नाही, ऑर्व्हल; खाली माणूस निवांत झोपतो."

ऑर्व्हलने ऐकलं नाही. त्याने कार्बनचा असा ट्रायपॉड आणला की काट्यावर ठेवल्यावर काटा जेमतेम लाजला. घरात गालिच्यावर मांडून, पायांत मोजे घालून, तो ताठ उभा राहिला आणि खिडकीतून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीचे खिळे मोजू लागला. मान वाकवावी लागली नाही. पाठ दुखली नाही. "बघ!" तो म्हणाला. "अगदी माझ्या मापाचा!"

गालिचा सपाट होता. डोंगर नव्हता.

हे मंगळवारी पहाटे नॅडीन आणि लव्हारसकट वर पोहोचल्यावर कळलं. उतारावर ट्रायपॉडचा खालच्या अंगाचा पाय जमिनीपर्यंत पोहोचेना. तो पोहोचवायचा तर बाकीचे दोन आखूड करायचे, आणि मग ऑर्व्हलने नमाजाला बसल्यासारखं वाकायचं. अर्धा तास खटपट झाली. शेवटी पूर्ण उंचीने उभा राहील अशी एकच जागा सापडली: कड्याच्या अगदी टोकाशी एक सपाट शिळा.

तिथे वारा होता. ट्रायपॉड भिजलेल्या कुत्र्यासारखा थरथरू लागला. दुर्बिणीतून पाहिलं तर समोरचा डोंगर नाचताना दिसे.

"ट्रायपॉडखाली अडकवायचा आकडा आहे ना, त्याला पाठपिशवी लाव," लव्हार म्हणाला. "वजनाने बसेल."

अडकवली. पण ऑर्व्हलच्या पिशवीत वजन राहिलंच कुठे होतं? पिशवीच पतंगासारखी फडफडायला लागली.

"मग पिशवीत दगड भर."

"दगड?" ऑर्व्हल कळवळला. "एवढे पैसे मोजून हलका घेतला, तो दगड भरायला? उद्या गावात तोंड दाखवू का नको?"

वजनदार अशी एकच गोष्ट त्या डोंगरावर होती. नॅडीनची शिदोरी. घेवड्याची उसळ आणि मटण भरून गुंडाळलेल्या जाड पोळ्या, डझनभर, शिवाय कोकोचा मोठा थर्मास. ती काट्यावर चढवायची ऑर्व्हलची छाती झाली नव्हती. शिदोरीची पिशवी आकड्याला लावली आणि ट्रायपॉड गपगार झाला.

आणि नऊच्या सुमारास मेंढा दिसला.

दरीपलीकडे, काळ्या कपारीखाली, पाय मुडपून बसलेला. शिंगांचा पुरा वेढा. ऑर्व्हलने शिंगं दोनदा तपासली. मग खोल आवाजात म्हणाला, "नॅडीन, ये. बघ."

नॅडीनची उंची ट्रायपॉडच्या खांद्यापर्यंतच होती. "पाय खाली घे जरा."

"पायांना हात लावायचा नाही! मेंढा हरवेल!"

लव्हारने रचून दिलेल्या दगडांवर चढून तिने पाहिलं. "देखणा आहे," ती म्हणाली. "थकलेला वाटतो. तुझ्यासारखाच."

बेत ठरला. ऑर्व्हलने बंदूक घेऊन दरीच्या कडेने जवळ जायचं. लव्हारने दुर्बिणीला डोळा लावून राहायचं; मेंढा उठला तर टोपी हलवायची. "डोळा काढायचा नाही," ऑर्व्हलने बजावलं. "मी या घटकेसाठी जन्म घालवलाय, लव्हार."

"डोळा हलणार नाही. आईशपथ."

लव्हारने शब्द पाळला. डोळा दुर्बिणीला, आणि हात मोकळे. मोकळ्या हातांशी शिदोरी लोंबत होती. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. एक पोळी गेली. थंडी होती, म्हणून कोकोही गेला. मेंढा बसलेलाच होता, तेव्हा दुसरी गेली.

जरा वेळाने नॅडीनची नजर पिशवीवर गेली. पिशवी वाऱ्यावर झुलत होती.

"लव्हार, किती खाल्ल्यास?"

"दोनतीन."

"पिशवी रिकामी दिसतेय!"

"अगं, मोजायला डोळे मोकळे नाहीत माझे—"

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. लव्हारने हात पुढे केले. पण दोन्ही हातांत पोळी होती, आणि ती टाकायचं त्याला वेळेवर सुचलं नाही.

खाली उतरणाऱ्या ऑर्व्हलच्या डोक्यावरून काहीतरी लांब पायांचं उडत गेलं. करकोचा असावा असं त्याला वाटलं. मग त्याने दुर्बीण ओळखली.

"लव्हार!" दरीभर आवाज घुमला. "तो माझा ट्रायपॉड होता का?"

"होता!" वरून उत्तर आलं. "पण मी डोळा काढला नव्हता हां! डोळ्यापुढून तोच गेला!"

ट्रायपॉड पन्नासेक फूट खाली एका कंगोऱ्यावर पडला आणि, अंगात वजनच नसल्यामुळे, मोडला नाही. उलट दुर्बिणीसकट तिन्ही पाय रोवून सरळ उभा राहिला. तिथे वारा लागत नाही. तो तसूभरही हलत नाही. तिथे उतरायला दोर लागतो. दोर स्वयंपाकघरात, काट्याशेजारी आहे.

बंदुकीवरच्या दुर्बिणीचा उपयोग नाही. तिच्यातून दरीपलीकडचा मेंढाही ठिपका दिसतो आणि दगडही ठिपकाच.

शेवटची हाती आलेली खबर अशी. लव्हार दोर आणायला गावात गेला आहे. जाताना उरलेली पोळी घेऊन गेला. ऑर्व्हल परत वर येऊन कड्यावर बसला आहे, म्हणजे लव्हार परतेपर्यंत उठायची सोय नाही; नॅडीन एकटी पुरत नाही. कपारीखालची ती करडी वस्तू सकाळपासून हललेली नाही. नॅडीन म्हणते, तो मेंढाच. ऑर्व्हल म्हणतो, मेंढा केव्हाच गेला, तो दगड आहे.

"पैज लाव," नॅडीन म्हणाली.

"कोण जिंकलं ते बघायचं कशाने?" ऑर्व्हलने विचारलं.

नॅडीनने खालच्या कंगोऱ्याकडे बोट दाखवलं.