कच्च्या टाक्यावरचे सासरे

मी शिवणकाम करते. त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: माझ्या हातून घाईनं काही बिघडत नाही! आधी कच्चा टाका, मग अंगाला लावून बघायचं, आणि मगच पक्की शिलाई. सासूबाईंनी जुन्या फोटोंचा खोका माझ्यापुढे धरला, तेव्हाही मी हेच सांगितलं.

"आई, मस्त स्क्रॅपबुक करते. तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत एकाही फोटोला गोंद लागणार नाही."

"बघ हं!" त्या खोका सोडेचनात. "ह्यांचे एवढेच फोटो आहेत. दुसरी प्रत नाही. गेले तर गेलेच."

सासऱ्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. तान्हं मूल घ्यावं तसा मी तो खोका दोन्ही हातांनी घेतला.

पण युक्ती बघा माझी! एक जुनी चादर पडद्याच्या दांडीवर टांगली आणि शिवणाच्या खडूनं तिच्यावर पानं आखली. बटणं ज्यातून येतात त्या झिपच्या प्लास्टिक पिशव्या मी कधी टाकत नाही. (नवरा त्यांना कचरा म्हणतो.) एकेका पिशवीत एकेक फोटो घातला आणि झिपच्या वरच्या कडेला सेफ्टी पिना टोचून पिशव्या चादरीवर लावल्या. भोवती उरलीसुरली लेस, सुटी बटणं, कापडाचे तुकडे, सगळं कच्च्या टाक्यावर. पान आवडलं नाही की टाका उसवायचा, तीच लेस पुढच्या पानाला!

सासूबाई रोज येऊन तपासणी करायच्या.

"ह्यांना जरा डावीकडे घे."

घेतलं.

"आता माझ्याकडे पाठ झाली."

पुन्हा उजवीकडे घेतलं.

"आयुष्यभर कधी मी सांगितलं तिथे बसले नाहीत," त्या म्हणाल्या. "आता बसतायत बिचारे!"

सगळं ठरत आलं होतं. मी एका गिऱ्हाइकाची मापं घ्यायला बाहेर गेले, आणि नेमकी तेव्हाच माझ्या नवऱ्याला, लग्नानंतर पहिल्यांदाच, न सांगता घर आवरायची हुक्की आली!

परत येऊन बघते तर दांडी मोकळी.

"अहो, इथली चादर?"

"लाँड्रीत देऊन आलो. किती मळली होती! नुसते खडूचे डाग!" स्वारी शाबासकीची वाट बघत उभी होती.

"अहो, त्यात बाबा होते!"

"बाबा?"

"फोटो! फोटो दिसले नाहीत तुम्हाला?"

"अगं, मी मागच्या बाजूनं ओढली आणि गुंडाळली!"

आम्ही तिघंही धावत सुटलो. सासूबाईंच्या एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात माझी! लाँड्रीत पोचलो तर मशीन सुरू. गोल काचेमागे माझी चादर गरगर फिरत होती.

"दादा, थांबवा!" मी किंचाळले.

"ताई, हे मधे थांबत नाही, आणि पाणी उतरल्याशिवाय दार उघडत नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "पण आत खडखड कसली वाजतेय?"

"सेफ्टी पिना."

"किती?"

"बऱ्याच."

त्यानं कपाळाला हात लावला.

"पाणी गरम आहे का हो?"

"चादरींना गरमच घेतो. पण आज हीटर बंद पडलाय."

त्या बंद हीटरचे पाय धरावेत असं मला वाटलं!

समोरच्या बाकावर बसलो. काचेशी सासरे आले, लेससकट. चादरीत गडप झाले. पुन्हा आले ते डोकं खाली, पाय वर. मला रडूच फुटलं.

"आई, माझं चुकलं. मी तुम्हाला शब्द दिला होता..."

"गप गं! ते बघ, आमचं पहिलं घर! गेलं... आता सायकल येईल बघ!"

कपडे न्यायला आलेली माणसं थबकली. "आजी, सायकलवर कोण ते?"

"आमचे हे! सायकलला ब्रेक नव्हते. मला भेटायला आले ते थेट आमच्या कुंपणात!"

"आले आले! कुंपणवाले पुन्हा आले!" खांद्यावर रजई घेतलेले एक गृहस्थ ओरडले.

सासूबाई पोट धरून हसत होत्या. बाबा गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलंच नव्हतं. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही.

शेवटी मशीन थांबलं. दार उघडलं. लाँड्रीवाल्यानं टॉवेलनं एकेक पिशवी पुसली आणि सासूबाईंच्या ओंजळीत ठेवली. कोरडी! हीसुद्धा कोरडी! बाबा सगळेच्या सगळे सुखरूप!

पाणी शिरलं होतं एकाच पिशवीत, आमच्या लग्नाच्या फोटोत. मी ठणठणीत होते, माझ्या शेजारी नुसता पांढरा डाग.

"आवरायला गेला, तोच धुतला गेला!" सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी कुणाकुणाचे आभार मानले! लाँड्रीवाल्याचे, रजईवाल्यांचे, झिपच्या पिशव्यांचे. आणि सासूबाईंचे तर किती मानू? अख्खा संसार डोळ्यांदेखत पाण्यात गेलेला, पण मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट घरी जाताना माझाच हात धरून चालल्या.

मग मी पक्कं स्क्रॅपबुक केलं. जीव ओतून केलं! सासूबाईंनी पान न् पान बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सोन्यासारखं केलंस गं." मी तर हवेतच! त्या मात्र सायकलच्या पानावर बराच वेळ थांबल्या.

"काय झालं, आई? काही हलवायचंय का?"

"नाही गं, छानच आहे." मग हळूच म्हणाल्या, "फक्त... आता हे फिरत नाहीत."